नदीकडच्या चार खिडक्या

माझ्याकडे एखादे कपाट पॉलिशसाठी आले, की मी प्रथम ते भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहतो आणि कामाला आरंभही पाठीकडूनच करतो. गिऱ्हाइकांना हे चमत्कारिक वाटते. परभणीतल्या एका वकीलसाहेबांनी तर मला एकदा भर बैठकीत विचारले होते, "अहो मुन्शीजी, ती बाजू जन्मभर भिंतीला लागून राहायची. तिचे लाड कशाला?" मी हसून वेळ मारून नेली. चारचौघांत उत्तर देणे मला कधीच साधले नाही. कागदावर मात्र थोडे धैर्य येते. म्हणून संपादकांनी धंद्यातल्या आठवणी मागितल्या, तेव्हा तेच राहिलेले उत्तर देण्याचे ठरवले.

मी या धंद्यात उशिरा आलो. माझे शिक्षण उर्दूतून झाले. फारसी बऱ्यापैकी आणि इंग्रजी वाचण्यापुरती येत असे. गोदाकाठच्या एका जहागिरीच्या कचेरीत मी कारकून होतो. संस्थान विलीन झाले, पाठोपाठ जहागिरी गेल्या आणि कचेरीला कुलूप लागले. तेव्हा माझे वय सदतीस होते. पत्नी त्याआधीच वारली होती, मूलबाळ नव्हते. नव्या कचेऱ्यांतून नोकरीसाठी दोन ठिकाणी मुलाखतीला गेलो. दोन्हीकडे प्रश्न कळले, उत्तरेही ठाऊक होती, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

करीम उस्ताद आमच्या कचेरीतली मेजे पॉलिश करायला दर दोन वर्षांनी येत. मी लिहिणे थांबवून त्यांचा हात पाहत बसे. त्यांनी ते लक्षात ठेवले असावे. मी एक दिवस त्यांच्या दुकानापुढे नुसताच उभा होतो, तेव्हा ते म्हणाले, "मुन्शी, खडे क्यूं? बैठो. लकडी से बात नै करना पडता." हे वाक्य ऐकून मी बसलो, तो पुढे पंचवीस वर्षे बसलोच.

बाहेरच्या माणसाला पॉलिश म्हणजे चकाकी वाटते. वस्तुतः ते लाकडाचे पांघरूण आहे. ऊन लाकडातले तेल शोषून घेते, मग लाकूड राखाडी पडते, त्याला बारीक भेगा जातात आणि त्या भेगांतून पाणी आत शिरते. पॉलिशवाल्याने आधी मेलेला थर खरवडायचा, खालचे जिवंत लाकूड उघडे करायचे आणि मग त्याला पांघरूण घालायचे. हे पांघरूण दोन जातींचे. एक लाखेचे: स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापसाच्या पुडीने ती चोळायची. दिवसभरात आरसा होतो. दुसरे तेलाचे: जवसाचे तेल राळ घालून कढवायचे, त्याचा पातळ हात द्यायचा आणि वाळेपर्यंत थांबायचे, मग दुसरा हात, मग तिसरा. लाख घरातली आहे. पाणी तिला सोसत नाही. तेल सगळे सोसते, फक्त घाई सोसत नाही.

माझा हात लाखेवर लवकर बसला. सेलूच्या एका निवृत्त हेडमास्तरांची खुर्ची मी अशी चकचकीत केली, की पुढे त्यांनी तिच्यावर कोणाला बसू दिले नाही, आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसू लागले. बोरीच्या एका बाईंनी पाळणा आणला. त्याच्या एका दांडीवर लहान दातांच्या खुणा होत्या. मी त्या घासून काढल्या आणि कौतुकाच्या अपेक्षेने उभा राहिलो. बाईंनी दांडीवरून दोनदा बोट फिरवले आणि त्या पाळणा घेऊन निघून गेल्या. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. पण विचारता न येणे हाच तर माझा दुबळेपणा.

आता नावेविषयी.

आमच्या जहागीरदारांनी हौसेने कोकणातले सुतार आणवून गंगाखेडला एक शिडाची नाव बांधून घेतली होती. पावसाळ्यानंतर नदी भरलेली असे तेवढे तीन-चार महिने ती चाले. नावेच्या मध्यभागी एक सागवानी खोली होती. तिला दोन्ही अंगांना चार-चार खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीभोवती, चौकट व फळी यांचा सांधा झाकणारी, दोन बोटे रुंदीची घडीव पट्टी. उस्ताद त्या पट्टीला 'गोट' म्हणत, लुगड्याला असतो तसा. कारकून असताना मी त्या नावेवर एकदाही चढलो नव्हतो. तिने घाटाला लागावे आणि आम्ही काठावरून पाहावे, एवढाच आमचा संबंध.

जहागिरीबरोबर नावही सरकारात जमा झाली आणि दोन वर्षे उन्हापावसात बांधून पडली. मग निरोप आला, की पाटबंधाऱ्याचे एक इंजिनियर दसऱ्यानंतर येऊन तिची पाहणी करणार. नाव धड असली तर नदीचे पाणी मोजण्याच्या कामाला ठेवायची, नसली तर मोडून लाकूड विकायचे. तिच्यावर वीस वर्षे असलेला नावाडी किसन भोई याचाही निकाल त्यातच होता. नाव राहिली तर तो सरकारी नावाडी. मोडली तर त्याला आणि त्याच्या बायकोला ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणे भाग होते.

नावेचा तळ किसनने स्वतः राळ-तेल घालून धड राखला होता. दुरुस्ती हवी होती ती खिडक्यांची. गोट पार पांढुरके झाले होते. सांध्यांतून पाणी झिरपून खालच्या फळ्या कुजण्याची भीती होती. काम उस्तादांकडे आले, पण त्या पावसाळ्यात दम्याने त्यांना अंथरूण धरायला लावले होते. त्यांनी मला पाठवले. निघताना मनगट धरून म्हणाले, "पानी का काम है मुन्शी. लाख कू हात नै लगाना. जवस का तेल, राळ, अन् सबर."

पाहणीला नऊ दिवस होते.

सकाळच्या गाडीने पोखर्णी मागे टाकून मी गंगाखेडला उतरलो. किसन घाटावर उभाच होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मळकट फेटा. त्याने माझी पिशवी घेतली, आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "मुन्शीजी, तुमी तर कचेरीत लिहीत बसायचाव. तुमीच हाव का ते?"

"मीच."

"मग बरं झालं. शिकलेला मानूस हाय, म्हंजी काम पक्कं व्हनार."

मला ते वाक्य तेव्हा सुखावून गेले.

मी नावेवरच मुक्काम केला. किसनची झोपडी वर काठावर होती. संध्याकाळी त्याची बायको गंगू चूल पेटवी आणि तो खाली येऊन हाक मारी, "मुन्शीजी, जेवलाव का? चला, गरम भाकर हाय." आणि मी दररोज सांगे, "जेवून घेतलंय." जेवलेलो नसे. पिशवीत परभणीहून आणलेले फुटाणे आणि गूळ असे. त्यांच्या चुलीपाशी बसून काय बोलावे, हे मला सुचत नसे, एवढेच कारण. सहा माणसांसाठी केलेल्या त्या खोलीत मी एकटा फुटाणे खात असे आणि वरून त्या दोघांचे बोलणे ऐकत असे. एकदा गंगूचा आवाज मुद्दाम मोठा झाला: "मुन्शीजीला आपली भाकर कडू लागती का काय, पुसा की!" किसन हसला. मी अंधारात हातातला गूळ तसाच धरून बसलो.

कामाचा हिशेब मी पहिल्याच दिवशी मांडला. आठ खिडक्या खरवडायला चार दिवस. तेलाचे तीन हात, आणि नदीवरच्या दमट हवेत प्रत्येक हाताला दीड-दोन दिवस. नऊ दिवसांत ते काठावर बसत होते. एक पाऊस आला की बुडाले. लाखेने मात्र दोन दिवस उरत होते. लाखेत थोडी राळ मिसळली तर ती पाण्याला दाद देत नाही, असे मी एका इंग्रजी पुस्तकात वाचले होते. उस्तादांना वाचता येत नव्हते. येथे मला थांबून कबूल केले पाहिजे, की त्या क्षणी मला याचा किंचित अभिमान वाटला.

काचेच्या तुकड्याने मी गोट खरवडले. राखाडी थर उडाला, की खालून मधाच्या रंगाचे सागवान निघे. मग लाख. सातव्या दिवसाच्या आतच आठही खिडक्या झाल्या. गंगू कमरेवर घागर घेऊन थबकली आणि म्हणाली, "माज्या घराला दार न्हाई, अन् हिच्या खिडक्यांला सोन्याचा गोट!" किसनने मात्र बोट लावून वास घेतला.

"ह्याला पानी चालतंय का, मुन्शीजी?"

"पुस्तकात तसं दिलंय."

"मग चालत आसंल," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी हस्ताची एक सर आली. मोठी नव्हती. नंतर पहाटेपर्यंत धुके राहिले. सकाळी खोलीबाहेर आलो आणि जागीच थांबलो. आठही खिडक्यांचे गोट पांढरे पडले होते, कोड फुटल्यासारखे. खाली लाकूड होते तसेच होते. वरची लाख पाणी पिऊन दुधाळ झाली होती.

किसन आला. त्याने पाहिले. "आता?"

"पुन्हा करावं लागेल."

"तीन दिस ऱ्हायले."

"करतो."

टोपल्यात निखारे आणून त्याने नावेत ठेवले, खोली ऊबदार राहावी म्हणून. आणि दिवसभर पाठीला पाठ लावून माझ्याबरोबर काच चालवली. त्याच्या हाताला दोनदा कापले. संध्याकाळपर्यंत आम्ही घाटाकडच्या चार खिडक्या स्वच्छ केल्या आणि मी त्यांना तेलाचा पहिला हात दिला. निखाऱ्यांच्या उबेने सकाळी दुसरा देता येईल आणि पाहणीच्या आदल्या दिवशी तिसरा, हे स्पष्ट दिसत होते. नदीकडच्या चारही खरवडायला घेतल्या असत्या, तर आठांना मिळून एक-एकच हात बसला असता, तोही चिकट. साहेबांनी हात लावला असता, तर बोटाला आला असता.

दुसऱ्या दिवशी किसनला दसऱ्याच्या सामानासाठी बाजारात जावे लागले. मी एकटा होतो. पांढरी पडलेली लाख स्पिरिटच्या फडक्याने हलके पुसली, की तिच्यातली ओल निघून जाते आणि चकाकी परत येते. काही दिवसांपुरती. पुढच्या पावसापर्यंत. हे प्रत्येक पॉलिशवाल्याला ठाऊक असते आणि कोणी ते चांगल्या कामात मोजत नाही. मी नदीकडच्या चारही खिडक्या तशा पुसल्या. अर्ध्या तासाचे काम. त्या घाटाकडच्या खिडक्यांहूनही सुंदर दिसू लागल्या.

परत आल्यावर किसनने विचारले, "पल्याडच्या झाल्या का?"

"झाल्या," मी म्हणालो.

"एकट्यानं?" त्याच्या आवाजात असे कौतुक होते, की मला मान वर करता आली नाही. "मुन्शीजी, तुमी लय घासलाव स्वतःला. आज तरी चला जेवायला."

"जेवून घेतलंय," मी म्हणालो.

इंजिनियर साहेब तरुण होते. त्यांनी तळ ठोकून पाहिला, दोर ओढून पाहिले, शिडाचे कापड उलगडायला लावले. किसन त्यांच्यामागे हात जोडल्यासारखा चालत होता. मग ते खोलीत आले आणि थेट नदीकडच्या खिडकीवर कोपर टेकून उभे राहिले. समोर पात्र भरून वाहत होते. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे काम कोणी केलं?"

किसनने मला पुढे ढकलले. "ह्यांनी, साहेब. मुन्शीजी. इंग्रजी शिकलेले हायेत."

"आणि पॉलिशचं काम करता?" साहेब हसले, त्यात कुचेष्टा नव्हती. "छान केलंत. ही नाव मोडणं पाप होईल."

किसन एकदम खाली बसला आणि त्याने नावेच्या फळीला कपाळ लावले. काठावर गंगू पदर तोंडात धरून उभी होती. त्या दोघांच्या आयुष्यातला इतका मोठा क्षण मी पाहिला आणि माझ्या मनात एकच विचार होता: साहेबांचे कोपर जेथे टेकले होते, तेथे ठसा उमटला नाही ना.

परभणीला आल्यावर उस्तादांनी उशीवरून विचारले, "कितने हात दिए?"

"तीन."

"आठों कू?"

मी होकारार्थी मान हलवली. ते माझ्या हातांकडे पाहत राहिले. जवसाच्या तेलाचा डाग नखांत राहतो, लाखेचा बोटांच्या पेरांवर. माझ्या हातांवर दोन्ही होते. त्यांनी कूस बदलली. त्या हिवाळ्यातच ते गेले. दुकान माझ्याकडे आले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मला तो काढता आला नाही.

पुढचे वर्ष मी आभाळाकडे पाहत काढले. मृगात पाऊस लागला, तेव्हा हातातले काम थांबवून मी विचार करी, की आता लाख पांढरी झाली असेल. आषाढात वाटे, आता उकलली असेल. श्रावणात, आता सांध्यातून पाणी खालच्या फळीत गेले असेल. फळी कुजली तर पुढच्या पाहणीत नाव मोडीत निघणार, आणि किसन टोळीबरोबर जाणार. पोस्टकार्ड घेतले, 'रा. रा. किसनराव यांस' एवढे लिहिले, मग आठवले की त्याला वाचता येत नाही; दुसऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवले असते. ते कार्ड मी फाडले. गंगाखेड किती लांब? आगगाडीने सकाळी निघालेला माणूस दुपारी परत येतो. मी गेलो नाही.

पाऊस सरल्यावर शेवटी गेलो. पिशवीत काच, पॉलिश पेपर आणि कढवलेल्या तेलाचा डबा होता. चार दिवस राहायचे, काही न बोलता नदीकडच्या चारही खिडक्या नव्याने करायच्या, असे मनाशी ठरवले होते. आणखी एक गोष्ट ठरवली होती. किसनने जेवायचे विचारले, तर या खेपेस 'नाही जेवलो' असे सांगायचे. त्याचा मी गाडीत सराव केला. पोखर्णीला डब्यातली गर्दी उतरली, तेव्हा एकदा मोठ्यानेही म्हणून पाहिले.

नाव घाटालाच होती. किसनच्या अंगात खाकी सदरा होता. त्याने मला पाहिले, "या" म्हणाला, आणि दोर वळण्याचे काम चालू ठेवले.

मी नावेवर चढून पलीकडच्या अंगाला गेलो. चारही खिडक्यांच्या गोटांवरची लाख खरवडलेली होती आणि त्यांना तेल दिलेले होते. हात जाड पडला होता. कोपऱ्यांत ओघळ जमून मण्यांसारखे वाळले होते, त्यांत धूळ आणि एका किड्याचा पंख अडकला होता. खरवडताना काच दोन ठिकाणी खोल गेली होती. पण सांधे बंद होते. खालच्या फळीवर मी नख दाबून पाहिले. फळी टणक होती.

किसन माझ्यामागे येऊन उभा राहिला होता.

"हे केव्हा केलंत?"

"आखाडात. पानी आत यायलं व्हतं. बघितलं तर गोट पांढरा पडलेला, आदुगर पडला व्हता तसाच." तो नदीकडे पाहत बोलत होता. "उघाड पडली की खरवडायचो. तेल गंगूनं कढवलं. तुमी कढवायचाव ते तिनं बघितलं व्हतं."

"मला निरोप का नाही पाठवलात?"

त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग असता तर बरे झाले असते.

"तुमाला काय कळवायचं, मुन्शीजी? तुमाला ठावं व्हतंच की."

मी पिशवीतून डबा काढला. म्हणालो, की ओघळ काढून एक पातळ हात देतो, दोन दिवसांचे काम आहे.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "दिसायला वंगाळ हाय. पन ह्यात काय घातलंय ते मला ठावं हाय."

मी डबा परत ठेवला. इतक्यात काठावरून गंगूने हाक दिली. भाकरीचा वास खालपर्यंत आला होता. किसनने दोर खुंटीला अडकवला, हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बरं मग, मुन्शीजी. जपून जा. दुपारची गाडी घावंल तुमाला."

तो पायऱ्या चढून वर गेला. मी नावेवर थोडा वेळ उभा राहिलो. मग पिशवी उचलून स्टेशनच्या वाटेला लागलो. सकाळपासून मी काही खाल्ले नव्हते.